उन्हाळा, कोंबडी आणि अंड्याचे टरफल

वैशाखातील दुपारी वऱ्हाडातील एखाद्या घराच्या परसात डोकावून पाहावे. सारे परस ओस पडल्यासारखे दिसते. कावळादेखील कडुलिंबाच्या दाट फांदीत गप्प बसलेला असतो. न्हाणीच्या मागे सांडपाणी मुरून जेथे जमीन थोडी ओलसर राहिलेली असते, तेथे घरच्या चार-पाच कोंबड्या माती उकरून, अंगापासून पंख दूर धरून आणि चोची उघड्या टाकून बसलेल्या आढळतात. त्यांचा गळा एकसारखा थरथरत असतो. पुढे दाणे टाकले तरी त्या उठत नाहीत. फाल्गुनापर्यंत एक दिवसाआड नेमाने अंडे देणारी कोंबडी आता आठवड्यातून एखादे देते, तेही लहान, आणि त्याचे टरफल इतके नाजूक की हाती घेताच चिरते. घरची माणसे म्हणतात, हिचे वय झाले. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. दाणे विकणारा म्हणतो, शिंपल्यांचा चुरा वाढवा. चुरा वाढवूनही टरफल सुधारत नाही, तेव्हा मे महिना संपण्याच्या आत ती कोंबडी मातीमोलाने विकली जाते.

बहुतेक वेळा हा निकाल घाईचा असतो. वय म्हणावे तर तीच कोंबडी, जगली-वाचली तर, पावसाळ्यात पुन्हा अंडी देऊ लागते. उजेड कमी पडला म्हणावे तर तसेही नाही. कोंबडीचे अंडे देणे दिवसाच्या लांबीवर पुष्कळसे अवलंबून असते, आणि आपल्याकडे मे-जूनमध्येच दिवस सर्वांत मोठा, सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे उजेडाचा विचार केला तर हे दिवस तिला अनुकूलच म्हटले पाहिजेत. खुडूक झालेली कोंबडी निराळी. ती घरटे सोडीत नाही आणि जवळ गेले की अंग फुलवून चिडते. चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या कोंबडीचे दुखणे दुसरेच आहे. ते तिच्या श्वासात आहे. अंड्याचे टरफल आणि कोंबडीचा श्वास यांचा संबंध काय, हे समजण्यासाठी तिच्या अंगातील उष्णतेचा हिशेब प्रथम पाहिला पाहिजे.

निरोगी माणसाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. कोंबडीचे ४१ अंशांच्या वर असते. माणसास इतका ताप चढला तर घरात धावपळ उडेल. कोंबडीची ती नित्याची स्थिती होय. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचा आपला मुख्य मार्ग घाम हा आहे. कोंबडीला घर्मग्रंथीच नाहीत. त्यात भर म्हणून अंगावर पिसांची रजई. तिच्या अंगावर उघडे असे भाग थोडेच: डोक्यावरचा तुरा, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या, पाय, आणि पंखांच्या आतील विरळ पिसांची जागा. उकाडा वाढला की ती त्वचेकडे व तुऱ्याकडे अधिक रक्त धाडते, पंख उचलून धरते, थंड मातीला पोट लावते. हवा तिच्या अंगाहून पुष्कळ थंड असेल तोवर एवढ्याने भागते. १८ ते २४ अंशांच्या दरम्यान ती सुखात असते. तिशी ओलांडली की ओढाताण सुरू होते.

आता ही उष्णता येते कोठून? केवळ उन्हातून येते असे समजणे चुकीचे ठरेल. अंडी देणारी सुधारलेल्या जातीची कोंबडी रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यातून तिला ३०० किलोकॅलरीच्या आसपास शक्ती मिळते. त्यातील ऐंशी-नव्वद किलोकॅलरी अंड्यात बांधली जाते, आणि उरलेली सुमारे २०० किलोकॅलरी उष्णतेच्या रूपाने तिच्या अंगातून बाहेर पडते. हाच हिशेब विजेच्या भाषेत मांडला तर एक कोंबडी म्हणजे दहा वॅटचा, अहोरात्र न विझणारा दिवा होय. पत्र्याच्या छपराखाली शंभर कोंबड्या दाटीने कोंडल्या, तर एक किलोवॅटची शेगडी त्या खुराड्यात पेटवून ठेविल्यासारखे होते. वरून मे महिन्याचे ऊन आहेच.

येथे एक विसंगती कोणाच्याही मनात येईल. कोंबडी मूळची उष्ण देशातलीच ना? होय. आजच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत तो आजही आढळतो. पण हा पक्षी दाट झाडोऱ्यात राहतो, सकाळ-संध्याकाळ चरतो व दुपार सावलीत काढतो. त्याची मादी वर्षात एखाद-दुसरे वेत अंडी घालते, म्हणजे सारी मिळून दहा-पंधरा. पांढऱ्या लेगहॉर्नची गोष्ट वेगळी. इटलीतील लिव्होर्नो बंदराला इंग्रजांनी आपल्या जिभेच्या सोयीने लेगहॉर्न केले, आणि तेथून गेलेल्या कोंबड्यांना तेच नाव पडले. या जातीपासून निवडीने तयार केलेली आजची कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. काम वाढले तसे खाणे वाढले, आणि खाण्याबरोबर अंगातील आच वाढली. उष्णता सोसण्याची जी शक्ती पूर्वजांत होती, ती या तीनशे अंड्यांच्या ओझ्याखाली पुरेनाशी झाली. गावठी कोंबडी उन्हाळ्यात अधिक तग धरते, याचे अर्धे कारण तिचा काटकपणा असेल. उरलेले अर्धे कारण इतकेच की ती अंडीच कमी देते.

उकाड्यात कोंबडी खाणे कमी करते ते याच कारणाने. तो रोग नव्हे. आतली शेगडी मंद करण्याची ती तिची युक्ती आहे. पण खाद्य घटले की त्याबरोबर प्रथिने घटली, कॅल्शियम घटले, आणि अंडे लहान झाले. शिवाय त्वचेकडे वळविलेले रक्त कोठून तरी काढूनच वळवावे लागते. पोटातील अवयवांच्या वाट्याचे रक्त कमी होते. मेंदूकडून अंडाशयाला जे रासायनिक संदेश जातात, तेही मंदावतात. एक बलक पूर्ण वाढण्यास शेवटचे आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे उष्णतेच्या लाटेत जे बलक अर्धवट वाढलेले असतात, त्यांचे नुकसान लाट ओसरल्यावर दिसते. हवा थोडी निवल्यानंतर अंडी आणखी घटलेली पाहून मालक बुचकळ्यात पडतो, त्याचे कारण हे.

आता टरफलाकडे येऊ. अंड्याचे टरफल म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. शिंपला, चुनखडी व संगमरवर ही त्याच पदार्थाची भावंडे. एका अंड्याच्या टरफलाचे वजन सहा ग्रॅमच्या आत-बाहेर भरते, व त्यात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. अंडाशयातून सुटलेला बलक प्रथम नळीच्या एका भागात सुमारे तीन तास राहून पांढऱ्या बलकाने वेढला जातो, पुढे तासा-सव्वातासात त्यावर पातळ पापुद्रे चढतात, आणि मग टरफल चढविणाऱ्या पिशवीत तो अठरा ते वीस तास मुक्काम करतो. चोवीस-पंचवीस तासांच्या या साऱ्या प्रवासातील बहुतेक वेळ एकट्या टरफलावर खर्च होतो. त्यातील बरेचसे काम रात्री चालते, म्हणजे कोंबडीचे पोट रिकामे होत जाण्याच्या वेळी. तेव्हा कमी पडणारे कॅल्शियम ती आपल्या हाडांतून उसने काढते. फार दिवस असे उसने काढावे लागले, तर तिचे पाय लुळे पडतात.

परंतु कॅल्शियम हा टरफलाचा एकच घटक झाला. शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्यांना आठवत असेल की, कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाने कॅल्शियम चाळीस टक्के व कार्बोनेटचा भाग साठ टक्के असतो. हा साठ टक्के भाग खाद्यातून येत नाही. शरीरात अन्न जळून जो कर्बाम्लवायू, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, तयार होतो व जो आपण निरुपयोगी समजून उच्छ्वासाबरोबर टाकून देतो, त्याच वायूपासून कोंबडी टरफलाचा हा मोठा भाग घडविते. शिंपल्यांचा चुरा विकत मिळतो. हा दुसरा माल मात्र कोंबडीच्या रक्तातच मिळाला पाहिजे.

आणि उन्हाळ्यात नेमका तोच उडून जातो. अंग थंड ठेवण्याचे इतर मार्ग बंद पडले की, कोंबडी धापा टाकू लागते. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारा हा प्राणी दीडशेच्याही वर श्वास घेऊ लागतो. उद्देश असा की, घशातील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ व्हावी. हा उपाय फार गुणकारी आहे, कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. पण वाफेबरोबर कर्बाम्लवायूही वाजवीपेक्षा फाजील बाहेर पडतो. रक्तातील त्याचे प्रमाण उतरते व रक्त अधिक क्षारधर्मी बनते. हा तोल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतात, म्हणजे टरफलाचा उरलासुरला कच्चा मालही वाहून जातो. इतकेच नव्हे, तर रक्तातील जे कॅल्शियम मोकळ्या रूपात टरफलासाठी उपयोगी पडावयाचे, तेही अशा रक्तात प्रथिनांशी अधिक बांधले जाते. जीव वाचविण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर टरफलाचा एक कण हवेत जातो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या उपपत्तीची मोठी सुबक परीक्षा अमेरिकेतील ओडम, हॅरिसन व डारे या तिघा संशोधकांनी केली. त्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. उष्ण हवेत ठेविलेल्या लेगहॉर्न कोंबड्यांना त्यांनी चक्क सोडावॉटर, म्हणजे कर्बाम्लवायू मिसळलेले पाणी, पिण्यास दिले. श्वासावाटे जो वायू जातो तो चोचीवाटे परत द्यावा, हा त्यातील विचार. टरफलाचे पातळ होणे त्यामुळे कमी झाले असे दिसून आले. आपल्याकडे कोंबडीला सोड्याची बाटली फोडून देण्याइतकी ऐपत कोणाची असणार! पण दाणे विकणाऱ्याचा चुरा का कामी आला नाही, याचे उत्तर या प्रयोगात मिळते. चुऱ्याची उणीव नव्हतीच. उणीव होती ती गारव्याची.

गारवा द्यावयाचा तो कसा, याचे उत्तर गावागणिक बदलते. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणे नवलाचे नाही. तेथील हवा मात्र कोरडी असते. म्हणून तेथे वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडले की खोली गार होते. तेच तत्त्व कोंबडीच्या घशालाही लागू पडते. कोरड्या हवेत धापा टाकण्याचे चीज होते. खुराड्याच्या वाऱ्याकडील बाजूस गोणपाट ओले करून बांधले, तर तेथे फार उपयोग होतो. मुंबईत, रत्नागिरीस किंवा गोव्यात पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, म्हणून तेथील माणूस समजतो की आपल्या कोंबड्या सुखात आहेत. पण तेथील हवा आधीच पाण्याने तुडुंब भरलेली असते; घशातील ओल तीत सुकत नाही, आणि रात्रही पुरती निवत नाही. विदर्भाचे पाहून कोकणात कोणी ओली गोणपाटे बांधली, तर तो ओलावा आणखी वाढवून कोंबडीचे हालच करील. तेथे वाराच हवा: जाळीच्या भिंती, उंच छप्पर, कमी दाटी, आणि सोय असल्यास पंखा.

हवेचे उष्णतामान कोंबडीच्या अंगाच्या उष्णतामानाला येऊन भिडले की, वाफेखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. तोही अपुरा पडला तर अंगातील उष्णता चढत जाते, आणि ४६-४७ अंशांच्या सुमारास कोंबडी मरते. मे-जून २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आलेल्या उष्णतेच्या लाटेत हजाराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्याच लाटेत लक्षावधी कोंबड्याही दगावल्या. त्यांतील कित्येक कोंबड्या कर्ज काढून उभारलेल्या पत्र्याच्या शेडांतील असत. दोन दुपारींत असे घर कसे बसते, हे वेगळे सांगावयास नको.

परसात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या गृहिणीला करता येण्याजोगे उपाय पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बरेच फुकटचे आहेत. पहिला खाद्याच्या वेळेचा. खाल्लेले अन्न पचताना जी उष्णता निघते, तिचा भर खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी येतो. सकाळी नऊ-दहाला पोटभर दाणे घातले, तर आतली आच व बाहेरचे ऊन यांची गाठ बरोबर दुपारी दोन-तीनला पडते. म्हणून पहाटे उजाडताच दाणे घालावेत, दहाच्या सुमारास उरलेले उचलून घ्यावेत, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा घालावेत. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा संध्याकाळच्या खाण्यात द्यावा, व तो अगदी पीठ करू नये. जाडसर खडे पोटात सावकाश विरघळतात व रात्री टरफल चढत असताना हळूहळू कॅल्शियम पुरवीत राहतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात चौपट-पाचपट लागते. उन्हात ठेविलेल्या पत्र्याच्या डब्यातील पाणी दुपारी इतके तापते की ती त्याला तोंडही लावीत नाही. माठातील गार पाणी मातीच्या परळात घालून सावलीत ठेविले आणि दुपारून दोन-तीनदा बदलले, तर दुहेरी लाभ होतो. घशातून जाणाऱ्या वाफेची भरपाई होते, आणि गार पाणी पोटातच काही उष्णता शोषून घेते. पिण्याचे एक भांडे सर्वांना पुरेल असे समजू नये. कळपातील दुबळी कोंबडी नेहमी मागे ढकलली जाते, आणि उन्हाळ्यात प्रथम तीच आडवी होते.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेविली म्हणजे लांब बाजूंनी ऊन आत शिरत नाही. पन्हळी पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा, किंवा वर गवताचा, नारळाच्या झावळ्यांचा अथवा तुराट्यांचा थर घालावा. भर दुपारी कोंबड्यांना धरणे, हुसकणे, एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे हे सारे टाळावे. आठवडी बाजाराला नेताना पाय बांधून उलट्या लोंबकळत नेण्याची जी रीत आहे, ती तर बाराही महिने क्रूरच; मे महिन्यात ती जीवघेणी ठरते.

जातीची निवड हाही एक उपाय आहे, पण त्याला पिढ्या लागतात. मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्या कोठे कोठे दिसतात. त्या पाहून शहरी माणूस नाक मुरडतो. हा उघडेपणा एकाच प्रभावी जनुकामुळे येतो. त्याने मानेवरचीच नव्हे, तर एकंदर अंगावरची पिसेही कमी होतात, व उष्णता बाहेर पडण्यास जागा मिळते. बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने अशा उघड्या मानेच्या कोंबड्यांपासून ‘हितकारी’ व उलट्या कुरळ्या पिसांच्या कोंबड्यांपासून ‘उपकारी’ या संकरित जाती तयार केल्या आहेत. रूप पाहून नावे ठेवली असती तर ती फार वेगळी झाली असती!

शेवटी अंड्यांविषयी थोडेसे. उन्हाळ्यात अंडे उष्ण पडते म्हणून पुष्कळ घरांत ते वर्ज्य करतात. त्याबद्दल वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. पण अंडे ठेवण्याच्या रीतीकडे लक्ष दिलेच पाहिजे. परसात कोंबडा असेल तर अंडी बहुधा सजीव असतात. असे अंडे वीस-एकवीस अंशांवर राहिले की आतील जीव मंद गतीने वाढू लागतो. आणि उबवण्यास लागते साडेसदतीस अंशांची ऊब, ती विदर्भातील स्वयंपाकघराच्या फडताळात मे महिन्यात आयतीच मिळते. तेथे ठेविलेले अंडे चार दिवसांनी फोडले असता आत रक्ताचे जाळे दिसते व सारे घर नाक धरते. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा घरट्यातील अंडी उचलावीत व गार जागी ठेवावीत. टरफलास सूक्ष्म छिद्रे असतात. उन्हाळी टरफल पातळ असल्याने ते अधिकच जपावे लागते. पिल्ले काढावयाची असतील तर वैशाखात कोंबडी बसवू नये. मृगाचा पाऊस पडून हवा निवू द्यावी, आणि थांबलेल्या कोंबडीलाही तोवर विकू नये. गारवा आल्यानंतर नवे बलक वाढण्यास आठ-दहा दिवस, आणि झालेली झीज भरून येण्यास आणखी दोन-तीन आठवडे तिला दिले, म्हणजे बहुधा आषाढात घरट्यात पुन्हा अंडे दिसू लागते, आणि ते बोटांनी दाबले तरी चिरत नाही.